सात घरची गोधडी

दत्तोपंतांनी भीमाबाईला पहिल्यांदा पाहिलं ते चौसष्ट सालच्या डिसेंबरात, आणि त्या सकाळी नागपूरच्या धरमपेठेत काय घडलं ते त्यांच्याच तोंडून ऐकावं असं होतं. आठच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी एक बाई उगवली. उंची विजेच्या खांबाएवढी. डोक्यावर गाठोडं, आणि ते असं की त्याच्या सावलीत एक टांगा घोड्यासकट उभा होता. हातात सुई. ती सुई बघून शेजाऱ्यांची दाढी करायला आलेला न्हावी अर्धा गाल तसाच सोडून निघून गेला. दोऱ्यांवर वाळत घातलेली धोतरं वारा नसताना आखडून बसली. बाई एकेका दारासमोर थांबे, आत नजर टाकी, आणि घरातलं जुनेर आपल्या पायांनी चालत बाहेर येई. शेवटी ती दत्तोपंतांच्या फाटकाशी आली. त्यांच्या नेसत्या धोतराकडे तिनं घोट्यापासून कमरेपर्यंत सावकाश पाहिलं आणि विचारलं, "हे अजून किती दिवस वापरता जी?"

दत्तोपंत घरात पळाले आणि त्यांनी आतून कडी लावली. एवढा भाग खरा. बाकी त्यांच्या पत्नीच्या, कुसुमताईंच्या म्हणण्याप्रमाणे भीमाबाई जेमतेम पाच फूट होती, गाठोडं एका कडेवर मावत होतं, आणि सुई तर पिशवीतून बाहेरच निघाली नव्हती.

पण दत्तोपंतांना भ्यायला सुई दिसावीच लागे असं नव्हतं. पोस्टात टपाल वेगळं करण्याच्या टेबलावर त्यांची अठरा वर्षं गेली होती आणि अठरा वर्षं ते तारेच्या लिफाफ्याला भीत आले होते, मग ती तार कोणाचीही असो. सायकलवर बसत, पण उतार आला की उतरून चालत. पाल, वीज, साहेबांच्या बुटांचा आवाज, उकळायला ठेवलेलं दूध, सगळ्यांनाच त्यांनी आपापला वाटा दिलेला होता. मोठा वाटा मात्र सुईचा. लहानपणी गावात देवी टोचणारा आला तेव्हा ते ज्वारीच्या कणगीत दडून बसले होते ते तो गाव सोडून गेल्यावरच निघाले. त्यामुळे अख्ख्या गावाच्या दंडावर जे गोल वण होते, ते दत्तोपंतांच्या दंडावर नव्हते. नागपूरच्या मे महिन्यात, डांबर पातळ होतं त्या दिवसांतही, ते पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटाशी बटण लावून घालत. कारण फक्त कुसुमताईंना ठाऊक होतं.

भीमाबाई पाचपावलीला राहायची. नवरा वारलेला, स्वतः कापडाच्या मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात. छप्पन सालच्या दसऱ्याला दीक्षा घ्यायला खेड्यापाड्यांतून माणसं नागपुरात लोटली, त्यांतली अकरा तिच्या एका खोलीत उतरली होती. ती माणसं परत निघाली तेव्हा तिनं त्यांतल्या लेकुरवाळ्यांना घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं. मग हिवाळा आला तसं तिच्या ध्यानात आलं की आपल्याला काही उरलं नाही. चिंध्या गोळा करून तिनं गोधडी शिवली. ती संपल्यावर हात थांबेना म्हणून दुसरी शिवली आणि रस्त्यावर कुडकुडणाऱ्या एकाला देऊन आली. तेव्हापासून दर हिवाळ्याला मिलची पाळी सुटली की ती जुने कपडे मागत फिरे, घरी बसून शिवे, आणि ज्याला पांघरूण नाही त्याच्या अंगावर नेऊन घाली.

तिचा एक नियम होता. एका गोधडीत निदान सात घरचं कापड पाहिजे. कोणाचं लुगडं, कोणाचा सदरा, सगळ्याचे हातभर तुकडे करायचे, ते आतल्या थरांत सरमिसळ लावायचे आणि वर एकरंगी कापड घालायचं. आत कोण आहे ते कोणाला दिसता कामा नये. कुसुमताईंनी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "एका घरची पांघरली तं मानूस त्या घरचा मिंधा होते बाई. सात घरची पांघरली का कोनाचाच नाही."

कुसुमताईंना हे इतकं पटलं की त्यांनी सासूबाईंचं सोवळ्याचं रेशमी पातळ काढून दिलं. ते पाचपावलीत कोणाच्या परकराशेजारी शिवलं गेलं असेल या विचारानं दत्तोपंत दोन दिवस जेवले नाहीत. आईच्या आत्म्याला ते भीत होतेच. आई जिवंत असतानाही भीत होते.

अडुसष्ट सालच्या जानेवारीत कुसुमताईंचा भाचा गोपाळ नरखेडहून आला. वीस-बावीस वर्षांचा, रेल्वेत मुलाखतीसाठी. दोन रात्री राहिला, दुसऱ्या रात्री अंगात कणकण आहे म्हणाला, आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं परत गेला. त्याच दिवशी कुसुमताई बहिणीकडे वर्ध्याला गेल्या. जाताना त्यांनी बजावलं, "अहो, गोपाळची चादर पाण्यात टाका. विसरू नका."

दत्तोपंत विसरले नाहीत. त्यांनी फक्त ती उद्यावर टाकली. आणि मंगळवारी भीमाबाई फाटकाशी.

"बाबूजी, दोन गोधड्या अडून बसल्या. सहा घरं झाली, सातवं मिळून नाही राहिलं. काही तरी द्या."

घरात एकटं असताना भीमाबाईशी बोलायचं म्हणजे दत्तोपंतांच्या छातीत गिरणी सुरू होई. समोर घडी घातलेली गोपाळची चादर होती. जुनी, मधे विरलेली. त्यांनी ती उचलली आणि फाटकावरून पुढे केली.

"धुतली हाय ना जी? मी समदं धुवून घेतो, पन नळाले पानी नाही दोन दिवसांपासून."

"हो, हो. धुतलेली आहे."

हे ते का बोलले? धुतली नाही म्हटलं असतं तर भीमाबाई थांबली असती, त्यांच्या नळावर धुऊ का म्हणाली असती, आणि संभाषण दहा मिनिटं लांबलं असतं. भीमाबाईनं घडीकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं. ब्राह्मणाचं घर, पोस्टाची नोकरी. तिनं विश्वास ठेवला.

पुढच्या सोमवारी दुपारी टेबलावर टपालाचा ढीग ओतला गेला आणि त्यातून दत्तोपंतांच्या हातात त्यांच्याच नावाचं कार्ड आलं. मेहुण्यांचं, गोपाळच्या वडिलांचं, देवरावांचं अक्षर. 'चि. गोपाळ नागपुराहून आल्यापासून तापाने आहे. काल अंगभर फोड उठले. गावात देवी आल्याचे बोलतात. तो तुमच्याकडे निजला ते अंथरूण उकळून घ्यावे. संत्री पाठवतो.'

दत्तोपंतांनी कार्ड वाचलं. मग पालथं घातलं. मग परत सुलटं केलं, मजकूर तोच होता. चादर त्यांनी दोन्ही हातांनी उचलली होती, छातीशी धरली होती. लपवलेला तो कोरा दंड शर्टाच्या आत थंडगार पडला. आधी त्यांना स्वतःचं मरण दिसलं, चांगलं तपशीलवार, तोंडात तुळशीपत्र ठेवण्यापर्यंत. ते बघून झाल्यावर मागून दुसरी गोष्ट हळूच पुढे आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. चादर आता गोधडीत होती. आणि गोधडी कोणाच्या तरी अंगावर.

तासभर त्यांनी विचार केला की गप्प बसावं. कोणाला कळणार? सात घरचं कापड. भीमाबाईच्या नियमानंच बंदोबस्त करून ठेवला होता. त्या तासात त्यांनी अकोल्याची पत्रं अमरावतीच्या खान्यात टाकली. मग पोटात दुखतं सांगून बाहेर पडले आणि सायकल हातात धरून, सपाट रस्त्यावरही खाली उतरून चालत, पाचपावलीला गेले.

भीमाबाई नुकतीच पाळीवरून आली होती. दत्तोपंतांनी दारातूनच कार्ड वाचून दाखवलं. वाचताना 'संत्री पाठवतो' हेही वाचलं.

भीमाबाईनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "धुतली म्हनलं व्हतं तुम्ही."

"नव्हती धुतली."

"मंग खोटं काहून बोलले जी?"

"भीती वाटली."

"कोनाची?"

"तुमची."

भीमाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की दत्तोपंतांना वाटलं, देवी बरी.

"कोणत्या गोधडीत गेली ती?" त्यांनी विचारलं.

"दोन्हीत. अर्धी-अर्धी केली. शुक्रवारी देल्या." तिनं पदर खोचला. "चला."

पहिली गोधडी बर्डीच्या रिक्षा स्टँडवर सापडली. रिक्षावाला चंद्रभान आपल्या सायकल रिक्षाच्या सीटवर ती अंगाभोवती गुंडाळून बसला होता आणि बिडी ओढत होता.

"चंद्रभान, गोधडी दे गा वापस."

"काहून मावशे? शुक्रवारी देल्ली, सोमवारी वापस? नवरा-बायकोचं भांडन बी जास्त दिवस टिकते."

भीमाबाईनं कारण सांगितलं तसा तो रिक्षातून उडाला आणि गोधडीपासून चार हात लांब उभा राहिला. बाही वर सारून त्यानं आपले वण दोनदा मोजले. दोनच होते, पण त्याला खात्री हवी होती.

"मले टोचलं हाय. पन ते लहानपनचं हाय, आता चालते का?" उत्तराची वाट न बघता त्यानं पुढे विचारलं, "दुसरी कोनाले देल्ली?"

भीमाबाईचा आवाज पहिल्यांदा खाली गेला. "अमरावती रोडवर गिट्टी फोडनारी हाय ना, रुख्मिणी. तिले. महिन्याचं पोट्टं हाय पदरात."

चंद्रभाननं बिडी टाकली आणि रिक्षा वळवली.

रस्ता सगळा चढाचा. गोधडी पायाशी ठेवली होती आणि दत्तोपंत दोन्ही पाय सीटवर घेऊन, गुडघे हनुवटीला लावून बसले होते. खड्डा आला की गोधडी थोडी त्यांच्याकडे सरके. त्यांना ती श्वास घेतेय असं वाटत होतं. शेजारी भीमाबाई बोटांवर मोजत होती. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन रात्री.

रस्त्याच्या कडेला गिट्टीचे ढीग, त्यांमागे ताडपत्रीची पालं. रुख्मिणी ढिगावर बसून हातोडा चालवत होती. मूल पालाच्या तोंडाशी, गोधडीत नाकापर्यंत गुंडाळलेलं. वरचं कापड निळं होतं. आतल्या चादरीचा धागासुद्धा दिसत नव्हता.

भीमाबाईनं तिला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. रुख्मिणीनं हातोडा खाली ठेवला, मुलाला उचललं आणि गोधडीसकट छातीशी घेतलं. म्हणजे नेमकं जे करायला नको ते.

"ते सोड वं पोरी. दुसरं पांघरून देतो."

"माय, तू सोता आनून घातली याच्या अंगावर."

"व्हय. मीच घातली."

"कोनाच्या घरची व्हती ते सांग."

दत्तोपंत रिक्षाच्या आडोशाला सरकले. भीमाबाईनं त्यांच्याकडे मान वळवली नाही.

"ते मी सांगत नसतो. चूक माही हाय. मी न धुता शिवली. तू फक्त पोट्ट्याले टोचून घे, आन् तूबी घे. म्युनिसिपालटीचा मानूस आनतो."

"मी नाही टोचत. आमच्या गावात टोचलं तं तीन लेकरं गेली. सुईनंच गेली."

तिनं पाठ फिरवली. मुलाचं डोकं गोधडीच्या काठातून तेवढं बाहेर राहिलं, सुपारीएवढं. भीमाबाई उभी होती. एवढ्या वर्षांत तिनं गोधड्या नेऊन दिल्या होत्या, कोणी तिच्याकडे अशी पाठ केली नव्हती. तिचे हात, जे रिकामे असताना कधी कोणाला दिसले नव्हते, ते नुसते लोंबत होते.

दत्तोपंतांना तिथून पळून जायचं होतं. रिक्षा समोर होती, उतार होता. पण पाय हलेनात, आणि तोंड, ज्याच्यावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता, ते आपलं आपण उघडलं.

"माझ्या घरची होती," ते म्हणाले. "चादर. धुतली म्हणून मीच खोटं सांगितलं यांना."

रुख्मिणी वळली. तिनं त्यांना टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं.

"तुमाले टोचलं हाय का?"

चंद्रभाननं मधेच तोंड घातलं, "बाबूजीले टोचलं नसन का? शिकेल मानूस हाय."

दत्तोपंतांनी मनगटाचं बटण काढलं. बाही वर सरकवायला त्यांना फार वेळ लागला. दंड बाहेर आला, पांढरा, गुळगुळीत, पंचेचाळीस वर्षं ऊन न पाहिलेला. तिघांनीही वाकून पाहिलं. भीमाबाईच्या तोंडून "अगं माय" एवढंच निघालं.

"मंग आधी तुम्ही टोचून घ्या," रुख्मिणी म्हणाली. "माह्या समोर. जगले तं मी घेतो."

चंद्रभान रिक्षा घेऊन गेला आणि तासाभरात महादेवराव सायकलवर त्याच्यामागून आले. म्युनिसिपालटीचे देवी टोचणारे, खाकी कोट, कॅरिअरला पत्र्याची पेटी. त्यांनी दिवस विचारले. "तीन रात्री? मग वेळ आहे अजून. उद्यावर नको." पेटीतून फिरकी काढली. लाकडी मुठीला पितळी चकती, चकतीला दाते. दंडावर लस ठेवायची, त्यावर दाते टेकवायचे आणि किल्लीसारखं गोल फिरवायचं. महादेवराव हे सगळं समजावून सांगत होते. लोकांची भीती जावी म्हणून ते नेहमी समजावून सांगत.

दत्तोपंत गिट्टीच्या ढिगावर बसले. चंद्रभाननं मागून खांदे धरले. दाते टेकले तेव्हा त्यांनी आवाज केला नाही, पण त्यांच्या तोंडाचा जो आकार झाला तो बघून रुख्मिणीच्या डोळ्यांतलं काहीतरी सैल झालं. आपल्यापेक्षा जास्त भ्यालेलं माणूस तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि ते टोपी घातलेलं असेल असं तर तिला वाटलंच नव्हतं. फिरकी फिरली. दत्तोपंत बसल्या बसल्या हळूच डावीकडे कलंडले, चंद्रभाननं त्यांना सरळ केलं, ते उजवीकडे कलंडले.

"जिवंत हाय," चंद्रभाननं कळवलं.

रुख्मिणीनं दंड पुढे केला. मग मुलाचा.

गोधड्या भीमाबाईनं अंगणात चुलवणावर हंडा चढवून सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकळल्या. चंद्रभानला दत्तोपंतांची घोंगडी मिळाली, रुख्मिणीला त्यांची रजई. वर्ध्याहून परतलेल्या कुसुमताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला त्या हिवाळ्यात दोन धोतरं पांघरून निजू दिलं.

महादेवराव म्हणाले होते, चौदा दिवस वाट बघायची. भीमाबाईनं दत्तोपंतांना सांगितलं, "रोज यायचं." ते रोज गेले. पोस्ट सुटलं की बर्डीवरून चंद्रभानच्या रिक्षात. पालाच्या अलीकडे पोचेपर्यंत त्यांचे ओठ हलत असत. मुलाचं तोंड दिसलं की आधी कपाळ, मग गाल, मग तळहात बघायचे, भीमाबाईनं ठरवलेल्या क्रमानं. डासाचा चावा निघाला तरी चौघंही त्यावर वाकून बघत. नरखेडला त्यांनी जवाबी कार्ड टाकलं होतं, त्याला जवाब येत नव्हता. टेबलावर ढीग ओतला की ते आधी देवरावांचं अक्षर शोधत आणि ते नसलं की त्यांना बरं वाटे, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटे.

सातव्या दिवशी संध्याकाळी मूल तापलं होतं. दूध घेत नव्हतं. रुख्मिणीनं मूल दोघांसमोर धरलं. भीमाबाईनं हात लावला आणि तो तिथेच ठेवला.

"बाबूजी, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "मी थांबतो."

परतीच्या रस्त्यावर दत्तोपंतांच्या मनात ती चादर सारखी घडी होत होती आणि उलगडत होती. फाटकावरून ती पुढे करणारा हात त्यांना दिसे, आणि तो हात दरवेळी अगदी सहज पुढे येई.

सकाळी ते पोस्टात गेलेच नाहीत. थेट महादेवरावांना घेऊन पालावर आले. भीमाबाई तशीच बसली होती, मूल मांडीवर. तिनं त्या दिवशीची पाळी बुडवली होती. महादेवरावांनी बाळाचा दंड उघडला, टोचल्या जागी टपोरा फोड आला होता. दुसरीकडे अंगावर कुठे काही नव्हतं.

"लस धरली," ते म्हणाले. "धरली की ताप येतोच. दोन दिवसांत उतरेल." रुख्मिणीचीही धरली होती. मग त्यांनी दत्तोपंतांची बाही वर केली, दंड उजेडाकडे वळवला, अंगठ्यानं दाबून पाहिला. "तुमची नाही धरली. परत टोचावी लागेल."

"उद्या येतो," दत्तोपंत म्हणाले.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. बाराव्या दिवशी नरखेडहून कार्ड आलं. गोपाळला कांजिण्या होत्या. तो केव्हाच बरा होऊन संत्र्यांच्या तोडीवर लागला होता, कळवायचं राहून गेलं, क्षमा असावी. संत्री वेगळी पाठवली होती, ती वाटेत कुठे तरी गेली.

दत्तोपंतांनी कार्ड पालावर नेऊन मोठ्यानं वाचलं. रुख्मिणीनं विचारलं, "म्हंजे सुई उगीच टोचली?" भीमाबाई म्हणाली, "उगीच नाही वं," आणि कितीतरी वेळ पदर तोंडावर धरून बसली. उकळताना आतल्या एका लाल लुगड्याचा रंग सुटला होता आणि दोन्ही गोधड्या वरून खालपर्यंत गुलाबी झाल्या होत्या. चंद्रभाननं आपली घडी घालून सीटखाली ठेवली. बर्डीच्या स्टँडवर गुलाबी पांघरून निजायची त्याची तयारी नव्हती, आणि घोंगडी परत द्यायचीही नव्हती.

भीमाबाई पुढे अकरा हिवाळे धरमपेठेत येत राहिली. दत्तोपंतांकडचं कापड ती नाकाशी धरून बघितल्याशिवाय घेत नसे. महादेवराव एकोणसत्तर साली रिटायर झाले, आणि दत्तोपंतांची दुसरी लस राहून गेली.